सोनगीरच्या हिलालची दिव्यांची टोपी

सोनगीरहून कापसाच्या गाड्या धुळ्याकडे निघाल्या की रांगेतल्या पहिल्या गाडीवानाच्या डोक्यावर हल्ली दिवे दिसतात. समोर दोन पांढरे, मागे एक लाल, आणि पांढऱ्या दिव्यांच्या खाली उजेडात आलेले माणसाचे तोंड. ही टोपी गावातल्या हिलालने केली. त्याने गाडीवानांवर उपकार केले असे गाव म्हणते. हिलाल ते ऐकून घेत नाही. "माले एक माणूसना तोंडतून एक गोट काढनी व्हती," तो सांगतो. "टोपी त्यानासाठे करी."

हिलालचे दुकान मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला आहे. लग्नसराईत गॅसबत्त्या भाड्याने द्यायच्या, एरवी बॅटऱ्या, कंदील, सायकली दुरुस्त करायच्या. शेजारी तांब्यापितळेची भांडी ठोकणाऱ्यांची ओळ आहे, त्यामुळे दुकानात बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. हिलाल आवाज चढवत नाही. गिऱ्हाइकच जवळ सरकते.

घरची कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ लोटन बघायचा. हंगामात तो स्वतःची गाडी घेऊन धुळ्याच्या जिनात, सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापूस पोचवायचा आणि लग्नाच्या दिवसांत भावाच्या बत्त्या वाहायचा. वरातीत गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालतात. रुमालाची चुंबळ, तिच्यावर बत्ती, आणि हात मोकळे. लोटनला ही सवय इतकी होती की विहिरीवर जाताना कंदीलसुद्धा तो डोक्यावरच ठेवायचा.

सन १९५१च्या मार्गशीर्षात, दिवस मावळल्यावर, कापसाच्या पाच गाड्या सोनगीरखालच्या नाल्याशी आल्या. पहिली गाडी लोटनची होती. नाल्यावरच्या फरशीवरून थोडे पाणी वाहत होते, म्हणून बैल अडले. लोटन खाली उतरला आणि बैलांची वेसण धरून पुढे झाला. तेवढ्यात धुळ्याकडून एक रिकामा ट्रक भरधाव आला. लोटन जागेवर गेला. एक बैलही गेला. दुसऱ्या गाडीवर झुलाल आबा होते. पुढे कापसाचा ढीग असल्यामुळे त्यांना काही दिसले नाही. त्यांनी ट्रकचा आवाज ऐकला, एवढेच.

गाडीचा कंदील आखाला बांधलेला असतो. तो तिथे नव्हता. हिलालला तो बराच पुढे, रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात फुटलेला सापडला. कंदील आखाखालून उडून एवढ्या पुढे जात नाही. लोटनने तो सोडून डोक्यावर घेतला होता, याबद्दल हिलालला शंका नव्हती.

कोर्टाला होती. ट्रक धुळ्याच्या बन्सीलाल शेटचा होता. कापसाचे जिन आणि मालाच्या गाड्या, दोन्ही धंदे त्याचे. ड्रायव्हर तोताराम साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणाला, "अंधार होता. अंगावर काळी घोंगडी होती. माणूस दिसलाच नाही." त्याच्या वकिलाने आखाचा कंदील धडकेत उडाला असे सांगितले. तोताराम सुटला.

बाहेर पायऱ्यांवर बन्सीलालने हिलालला गाठले. त्याचा सूर समजावणीचा होता. "हिलाल, झालं ते झालं. आपल्या गाडीवानांना एक सांग. रस्त्यानं चालायचं तर डोक्यावर दिवा लावून चाला म्हणावं."

हिलाल पायऱ्या उतरला. घरी आल्यावर त्याने ते वाक्य भावजयीला जसेच्या तसे सांगितले. शेवंताबाई पाट्यावर मिरच्या वाटत होती. ती थांबली.

"त्याना डोकावर दिवाच व्हता," ती म्हणाली.

"व्हता."

"मंग त्या ड्रायव्हरले दिसना व्हई."

"दिसनाच व्हई." दिवा ड्रायव्हरला दिसलाच असणार, हे दोघांनाही पटले होते.

"त्याना तोंडतून काढ, दादा."

एवढेच ठरले. पुढची दोन वर्षे हिलाल या कामात होता.

त्याचा पहिला हिशेब साधा होता. तोतारामच्या ट्रकसमोर संध्याकाळी, त्याच फरशीवर, डोक्यावर दिवा घेऊन उभे राहायचे. ट्रक थांबला म्हणजे दिवा दिसतो हे सिद्ध झाले. मग चारचौघांत विचारायचे.

भुसावळच्या भंगार बाजारात लढाईतले लोखंडी टोप विकायला आले होते. हिलालने एक आणला. पुढच्या बाजूला बॅटरीचा बल्ब बसवला आणि सेल टोपाच्या आत. ती वस्तू डोक्यावर घालून तो दुकानाबाहेर आला तेव्हा झुलाल आबा बिडी पेटवत होते.

"हिलाल, लढाई कोनासंगे शे रे भो?"

"शे एकजनसंगे."

"मान मोडी पडशी तठे जावाना पह्यले."

आबांचे बरोबर होते. टोप जड होता, शिवाय सेलांचे वजन. तरी हिलाल तो घालून फरशीवर गेला. दिवस मावळला होता, आभाळात थोडा उजेड होता. तोताराम या वेळी रिकामा ट्रक घेऊन शिरपूरकडे जातो हे त्याला माहीत होते. ट्रक वळणावर दिसला. हिलाल रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

ट्रकने वेग कमी केला नाही. वाढवला. इंजिनाचा आवाज बदललेला हिलालने स्पष्ट ऐकला. त्याने खड्ड्यात उडी घेतली. टोप घरंगळत नाल्यात गेला.

आपल्याला मारण्यासाठीच त्याने गाडी घातली, असे हिलालला वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने झुलाल आबांना तसे सांगितले. आबा हसले नाहीत.

"कितला दिवा व्हतात तुना डोकावर?"

"एक."

"अन् तू काळी घोंगडी पांघरेल."

"थंडी व्हती."

"मंग तू माणूस नही दिसना रे." आबांनी रस्त्याकडे हात केला. "या बठ्ठा ड्रायव्हर लोके त्या हॉटेलमा बसतस. इचार त्यासले. सोनगीरना नालामा एकला दिवा चालस, म्हनतस. माणूसना डोकाएवढा उंच. खाले काहीच नही. त्याले देखीसन गाडी थांबाडी ते मेला. गाडी दाबनी अन् निघी जानं."

हिलालने हॉटेलात जाऊन विचारले. चार ड्रायव्हरांनी चार तऱ्हांनी तेच सांगितले, आणि ते लोटन जाण्याच्या कितीतरी आधीपासूनचे होते. एकाने भूत स्वतः पाहिले होते. अंधारात, काळ्या घोंगडीवर, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एकटा दिवा पुढे सरकतो. अशा वेळी ब्रेक लावणारा माणूस त्या रस्त्यावर कोणी नव्हता.

आता हिलालला ती संध्याकाळ पूर्ण दिसली. तोतारामला दिवा दिसला होता. त्याने तो भूत समजला आणि गाडी दाबली. म्हणजे कोर्टात सांगितलेले खोटे होते, आणि ते खोटे कोणी शिकवले तेही उघड होते. यामुळे हिलालचा राग कमी झाला नाही. तोताराम चुकून मारणारा निघाला, पण खोटे बोलणारा तो जाणूनबुजून होता. हिलालला त्याच्याकडून तेवढेच हवे होते.

टोपी नव्याने करावी लागणार होती. दिवा दिसून उपयोग नव्हता. दिव्याखाली माणूस दिसायला हवा होता.

लोखंड बाद झाले. हिलालने जाड कापडाची पट्टी घेतली. ती रुमालावरून किंवा घोंगडीवरूनही बांधता येईल अशी शिवली. सेल कमरेला बांधलेल्या पिशवीत ठेवले आणि वायर पाठीवरून वर नेली. शेजारच्या तांबटाकडून पितळेच्या दोन छोट्या वाट्या ठोकून घेतल्या आणि आतून कल्हई करून बल्बामागे बसवल्या. दोन दिवे शेजारी शेजारी, कारण भूत एकट्या दिव्याचे असते. मग प्रत्येक वाटीच्या खालच्या कडेला त्याने एक खाच पाडली. तेवढा उजेड खाली, घालणाऱ्याच्या नाकातोंडावर पडू लागला. टोपीचे सगळे मर्म या दोन खाचांत आहे. मागे सायकलची लाल काच लावली. तिचा उजेड मागून येणाऱ्या बैलांच्या डोळ्यांत जाऊन ते बिचकत, म्हणून वर पत्र्याची लहानशी झडप आली.

आरशांची कल्पना शेवंताबाईची. बाजाराच्या दिवशी लमाणी बायका येतात. त्यांच्या ओढण्यांवरचे बारीक आरसे ट्रकच्या दिव्यात लांबून लखलखतात, हे तिने पाहिले होते. तिने तसे आरसे पट्टीवर टाचले, कपाळापासून कानापर्यंत आणि मागे गोल.

"नवरीगत दिसस," हिलाल म्हणाला.

"दिसू दे. भूत नवरीगत सजत नही."

पुढच्या हंगामात हिलाल फरशीवर गेला. ट्रक आला, वळणावरच त्याचा वेग उतरला, आणि तो हिलालपासून चार हातांवर थांबला. हिलाल ड्रायव्हरच्या खिडकीशी आला.

"दिसनू का, तोताराम?"

तोतारामने त्याला ओळखले. "बाजू सरक."

"दिसनू का ते सांग."

"हां, दिसना. सरक आते."

हिलाल बाजूला झाला. दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा उभा होता. तिसऱ्याही. प्रश्न तोच, आवाज तसाच खालचा. पहिल्यांदा तोतारामने शिव्या दिल्या. मग क्लीनर हसू लागला. मग हॉटेलातले ड्रायव्हर तोतारामला बघून "दिसनू का रे?" असे ओरडू लागले. तोतारामने वेळ बदलून पाहिली, हिलालनेही बदलली. रस्ता बदलणे शक्य नव्हते.

अखेरच्या संध्याकाळी हिलालने झुलाल आबांना गाड्या नाल्याअलीकडे थांबवून ठेवायला सांगितले. गाडीवान उतरून झुडपांशी उभे राहिले. ट्रक आला, थांबला. हिलालने या वेळी काही विचारले नाही. त्याने घोंगडी आरशांवरून तोंडावर ओढली, एका वाटीवर हात ठेवला, लाल दिवा बंद केला आणि तसाच मागे मागे सरकत फरशीच्या मध्यावर गेला. आता तिथे काळोखात एकच दिवा होता.

ट्रकचे इंजिन चालूच होते. त्याचा आवाज चढला.

"दाब," हिलाल म्हणाला. "त्या दिन दाबी तशी दाब."

क्लीनरने पलीकडच्या दारातून उडी टाकली. इंजिन गुरगुरत राहिले. मग बंद झाले. तोताराम खाली उतरला आणि मडगार्डला धरून उभा राहिला.

"हाऊच दिवा व्हता," तो म्हणाला. "असाच. माले वाटनं भूत शे. मी दाबी. ठोकर लागनी तव्हय समजनं."

"मंग कोर्टमा?"

"शेटनी सांगं. भूत सांगशी ते लोके हासतीन, अन् दिवा दिसना व्हता अस सांगशी ते जेलमा जाशी. काहीच दिसनं नही अस सांग."

हिलालने वाटीवरचा हात काढला. झुडपांशी उभे असलेले गाडीवान पुढे आले. तोतारामला ते तेव्हा दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धुळ्यात शिरल्या. बन्सीलालचे जिन रस्त्यावर पहिले लागते. पहिली गाडी दरवाजावरून पुढे गेली. दुसरी गेली. मागची सगळी रांग तशीच पुढे जाताना बघून बन्सीलाल स्वतः बाहेर आला. त्याने झुलाल आबांच्या बैलाचे शिंग धरले.

"आबा, कुठे निघालात? भावात कधी मारलं का मी तुम्हाला?"

"भावना सवाल नही, शेट."

"मग? दरवाजा मागे राहिला तुमचा."

"अस्स?" आबांनी मान वळवून नीट पाहिले. "आम्हले दिसना नही."

मागच्या गाडीवर हिलाल बसला होता. टोपी डोक्यावर, दिवे बंद. बन्सीलालने त्याला पाहिले आणि शिंग सोडले. "कोर्टाचा निकाल लागलेला आहे, हिलाल."

"लागेल शे," हिलाल म्हणाला. "हाऊ दुसरा."

त्या हंगामात सोनगीरकडच्या गाड्या बन्सीलालच्या जिनात गेल्या नाहीत. बातमी रस्त्याने पसरली तशा नरडाण्याच्याही थांबल्या. पुढल्या वर्षी त्याने ट्रक विकले, मग जिन चालवायला दिले. तोतारामला त्याने त्याच आठवड्यात काढून टाकले होते.

टोपीला मात्र मागणी आली. आधी गाडीवान आले, मग रस्त्याच्या कामावरचे मुकादम, मग फैजपूरकडून केळीच्या गाड्या हाकणारे. हिलाल पट्ट्या शिवून देतो, वाट्या शेजारी ठोकल्या जातात, आरसे शेवंताबाई टाचते. मागेल त्याला टोपी मिळते. एकाला मिळाली नाही.

तोताराम मेहुण्याची बैलगाडी हाकू लागला होता. गाडीवान त्याला रांगेत घेत नसत, म्हणून तो एकटाच मागून यायचा. गेल्या हिवाळ्यात तो दुकानात आला. दिवस कलला होता. हिलालने हातातली सायकल खाली ठेवली.

"एक टोपी दे, भाऊ. माले पोऱ्या शेतस."

हिलालचा हात खुंटीकडे गेला. खुंटीवर तीन टोप्या तयार होत्या. मग तो थांबला आणि त्याने आत पाहिले. शेवंताबाई ओट्यावर आरसे टाचत होती. ती उठली नाही. दाताने दोरा तोडला.

"लोटनलेबी व्हतात," ती म्हणाली. "तू कंदील डोकावर लेईसन जाय. सामनेतून कोनी येई, ते त्याले काय वाटस ते देख."

तोताराम दुकानाबाहेर पडला. मग बैल वळवून निघून गेला. हिलालने सायकल पुन्हा उचलली. आरसा टाचून झाला होता, शेवंताबाईने दुसरा घेतला.