अकरावी हाक

माझा आवाज मोठा आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "अगं हळू बोल, शेजारी ऐकतील." मी म्हणायची, ऐकू देत की, चोरी केलीय का? आता नातवंडं कानावर हात ठेवतात. ठेवा म्हणावं. हा घसा मला आयता मिळालेला नाही. एका म्हातारीनं तो माझ्याकडून कमावून घेतला, आणि तिचे उपकार मी या जन्मात काही फेडू शकणार नाही.

आमचं गाव अलिबागेच्या बाजूला, समुद्राला टेकलेलं. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. गावातल्या तरुण मंडळींनी व्यायाम मंडळ काढलं होतं. मुलगे हुतुतू खेळायचे आणि आम्ही अकरा मुली खोखो. वेगळं मैदान आणणार कुठून? मासळी वाळवायचं खळं तेच आमचं मैदान. दिवसभर बायका तिथं बोंबील आणि जवळा वाळत घालायच्या, उन्हं कलली की सगळं टोपल्यांत भरून उचलायच्या, आणि मग आम्ही उतरायचो. एका मोडक्या डोलकाठीचे दोन तुकडे पुरून खोखोचे खांब केले होते. खेळून घरी निघालो की आमच्या अंगाच्या वासानं मांजरं मागे लागायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. मी पळती होते, आणि वाऱ्यासारखी पळायची, असं मीच सांगते, कारण सांगायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

खळ्याला लागून पहिलं घर मोठ्या आयचं. ती कुणाची आजी नव्हती, पण अख्खी आळी तिला मोठी आय म्हणायची. खळ्यावर तिचाच शब्द चाले. कुणाची मासळी कुठं पडायची, कधी उचलायची, सगळं ती ठरवायची. पुरुषमंडळी समुद्रावर राजे, पण खळ्यावर पाय ठेवताना तिला विचारायची. मंडळानं खेळायला जागा मागितली तेव्हा ती म्हणाली होती, "खेळा. पन माज्या नजरेसमोर."

आमच्याकडे एक रीत होती. होड्या परत येताना अंधारून आलेलं असलं, धुकं असलं, की काठाजवळ आल्यावर प्रत्येक होडीवरून हाक यायची. बायका काठावर उभ्या राहून आवाज ओळखायच्या आणि मोजायच्या. शेवटच्या होडीची हाक आल्याशिवाय कुणी घरी जाऊन चूल पेटवायची नाही. मोठ्या आयच्या नवऱ्याच्या होडीची हाक एका वर्षी आलीच नाही. तेव्हापासून ती बाकीच्यांच्या हाका जास्तच नीट मोजायची.

तीच रीत तिनं आम्हाला लावली. खेळ संपला की प्रत्येकीनं आपापल्या घरी जायचं आणि पायरीवर उभं राहून ओरडायचं, "आले!" ही आपल्या ओट्यावर बसून मासे कापता कापता मोजणार. माझं घर आळीच्या पार शेवटी, माडांच्या वाडीला लागून. म्हणून माझी हाक अकरावी, आणि सगळ्यांत लांबून. पहिल्या दिवशी तिला ऐकू गेली नाही, तर मला परत बोलावून पुन्हा ओरडायला पाठवलं! आम्ही तिची किती टिंगल केली असेल. आमच्या आयाही हसायच्या. "म्हातारीला पोरी न्‌ होड्या सारख्याच," माझी आई म्हणायची आणि आपली चूल पेटवायची.

मग मंडळानं मुंबईहून एक मास्तर आणला, खोखो शिकवायला. तालुक्याचे सामने जवळ आले होते आणि शेजारच्या थळ गावच्या मुलींना हरवायचंच, असं सगळ्यांच्या डोक्यात होतं. माझे बाबा मंडळाचे चिटणीस. त्यांनीच खटपट करून त्याला आणलेलं. मास्तर शिकवायचा चांगला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पांढरे कपडे, गोड बोलणं. अख्खं गाव त्याच्यावर खूश. राहायला त्याला वाडीपलीकडची एक खोली दिली होती.

एके दिवशी खेळ संपताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "कप्तान तुलाच करणार आहे. गणवेशाचं माप घ्यायचंय, खोलीवर ये. एकटीच ये. बाकीच्यांना कळलं तर रुसतील. घरीही आत्ताच सांगू नकोस."

मी बारा वर्षांची. कप्तान म्हटल्यावर मला आकाश ठेंगणं झालं. घराच्या पायरीशी न थांबता मी तशीच पुढे गेले. आत पाऊल टाकलं आणि त्यानं दाराला कडी घातली. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो हसला, आणि मी मागे सरकले. का ते मला सांगता आलं नसतं. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. आळीच्या त्या टोकाला ऐकू जाणारा माझा आवाज, आणि तो गेला कुठं?

तेवढ्यात दारावर थाप पडली. दुसरी पडली ती दार मोडेल अशी. त्यानं कडी काढली. दारात मोठी आय, धापा टाकत, हाताला माशाचे खवले तसेच. दहा हाका आल्या, अकरावी आली नाही, म्हणून ती मासे टाकून निघाली होती. माझ्या शेजारच्या घरातल्या मुलीनं मला वाडीकडे जाताना पाहिलं होतं, तिनं वाट दाखवली.

म्हातारीनं मास्तरला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दाराला कडी कशाला रं?" एवढंच विचारलं. तिनं माझा हात धरला.

वाटेत मी रडायला लागले. "मी हाक नाही दिली, माझं चुकलं," असं काहीबाही बडबडत होते. ती थांबली आणि म्हणाली, "तुजं काय बी चुकलेलं न्हाय. चुकलं त्याचं. तू सांगशील त्यावर माजा इस्वास हाय." मग मी सांगितलं. सगळं. ते तिनं त्याच रात्री आई-बाबांच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक झाली. बायका कडेला उभ्या होत्या, मी आईच्या मागे. कुणी म्हणालं, गैरसमज झाला असेल. कुणी म्हणालं, सामने तोंडावर आलेत, मास्तर गेला तर मुलग्यांना कोण शिकवणार? आणि मग माझेच बाबा बोलले, "मुलींचा खोखो बंद करू. पोरी घरात बऱ्या. प्रश्नच मिटला." माना डोलल्या. कडी त्यानं घातली आणि खेळ माझा बंद! राग असा आला होता की काय सांगू.

मोठी आय पुढे आली. "होडीला भोक पडलं तं भोक बुजवता का समुद्रावर जायाचं बंद करता?" बाबांनी बैठकीची वही मिटली. ती म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून बायकांनी खळ्यावरची मासळी उचलली नाही. उन्हं कलली तरी बोंबील तिथंच, खांबापासून खांबापर्यंत. मुलगे हुतुतूला आले आणि काठावर उभे राहिले. पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मासळीवर पाय द्यायची कुणाची छाती? दुसऱ्या दिवशी तेच. मोठी आय ओट्यावर बसून म्हणाली, "खळं आमचं हाय. पोरी खेळनार न्हाय, तं कुनी बी न्हाय." माझी आईही टोपली घेऊन त्यांच्यात होती. घरी बाबांशी ती बोलत नव्हती. वाढायची, पण बोलायची नाही.

तिसऱ्या दिवशी मंडळानं मास्तरला मुंबईच्या लाँचवर बसवून दिलं. बाबांना वाटलं, संपलं. कसलं संपतंय! बायका म्हणाल्या, इथून जाऊन तो दुसऱ्या गावात शिकवणार, तिथल्या पोरी काय वाऱ्यावर पडल्यात? पत्र लिहा. बाबांचं अक्षर मोत्यासारखं. रात्रीचं जेवण बाजूला सारून त्यांनी तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाला पत्र लिहिलं, की या माणसाला मुलांजवळ येऊ देऊ नका. शेवटचं पत्र लिहून झाल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तुला घरात कोंडायला निघालो होतो गो." त्यांचे डोळे भरले होते. माझा राग नव्हता गेला अजून. पण ते वाक्य मी जपून ठेवलंय.

मग ठरलं, की शिकवणाऱ्यानं कुठल्याही मुलाला किंवा मुलीला एकटं खोलीवर बोलवायचं नाही, आणि रोज दोन बायका खळ्याच्या कडेला बसणार. मुलग्यांच्या खेळालाही. जाळी विणत बसायच्या, पण नजर आमच्यावर.

चौथ्या दिवशी मासळी उचलली आणि आम्ही पुन्हा उतरलो. खेळताना मी सगळं विसरले. घरी निघालो आणि सगळं आठवलं. गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. एकेक हाक जायला लागली. आठवी, नववी, दहावी. माझ्या तोंडून शब्द निघेना. आपण ओरडलो की सगळे आपल्याबद्दलच बोलणार, असं वाटलं. मी मान खाली घालून घरात शिरले.

आई चुलीपुढे बसली होती. लाकडं रचलेली, हातात काडेपेटी, पण चूल थंड.

"पेटवली नाहीस?" मी विचारलं.

"हाक न्हाय आली अजून," ती म्हणाली.

मी पायरीवर येऊन बघितलं. एकाही घरातून धूर निघत नव्हता. आळीभर बायका आपापल्या दारात उभ्या होत्या, म्हातारीला हसणाऱ्यासुद्धा, आणि सगळ्या आमच्या घराकडे बघत होत्या. बाबा ओट्यावर होते. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "दे ना गो. समद्या थांबल्यात."

मी ओरडले. "आले!" आवाज मध्येच फाटला, म्हणून पुन्हा ओरडले.

आळीच्या त्या टोकाकडून उत्तर आलं, "आली गो बाय, आली!"

मग आईनं काडी ओढली.