मेटलर्जीवाल्या काकांचा हात

मेटलर्जीवाले काका कुणाच्याही घरी गेले की आधी चामड्याच्या वस्तूवरून अंगठा फिरवायचे. सोफा असो, पट्टा असो, नाहीतर यजमानांचा नवाकोरा कोट. "म्हशीचं आहे," म्हणायचे, किंवा "घाईत कमावलंय, दोन वर्षांत तडकेल बघा." धातूंवर डॉक्टरेट केलेल्या माणसाला चामड्यातलं एवढं कसं कळतं, हे आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही. मिशिगनच्या अगदी उत्तरेला, त्या बर्फाळ गावात ऐंशीच्या दशकात मराठी माणसं होती मोजून पंधरा. मी पुण्याहून शिकायला आलेली. दोन वर्षं दर शनिवारी काकूंनी मला पोटच्या पोरीसारखं जेवू घातलं.

काकांचा शेजारी म्हातारा ट्रॅपर होता, सापळे लावून जनावरं पकडणारा. माझ्या तिथल्या तिसऱ्या हिवाळ्यात तो बर्फावर घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. त्याच्या शेडमध्ये डझनभर बीव्हरची, म्हणजे तिथल्या नदीकाठच्या केसाळ प्राण्यांची, कातडी सोलून पडली होती. आतली चरबी वेळेवर काढली नाही तर कातडं कुजतं, केस गळतात, मोसमाची मेहनत वाया जाते. काकांनी बाह्या सरसावल्या. तिरप्या ओंडक्यावर कातडं केसांची बाजू खाली करून पसरलं, त्याची कड पोटाने दाबून धरली आणि दोन मुठींची सुरी पुढे ढकलली. चरबी जाड सायीसारखी गोळा होत गेली. मग कातडं धुऊन, पुसून, फळीवर खिळ्यांनी भाकरीसारखं गोल ताणलं. मी तोंडाचा आ वासून बघत होते.

"कुठे शिकलास, डॉक?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माय फादर," काका म्हणाले, आणि मला मराठीत, "हळू करायचं असतं. घाई केली की भोक पडतं." माझ्या थीसिसबद्दलही ते हेच सांगायचे.

घाई मीच केली. संक्रांतीच्या पॉटलकला, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी हा किस्सा साभिनय रंगवून सांगितला. सगळे हसले. मग एका काकूंनी विचारलं, "अय्या, हे कुठे शिकलात तुम्ही? वडील काय करायचे?"

आमच्या काकूंनी डोळ्यांनी खूण केली. काकांनी ती पाहिली, तरी म्हणाले, "कोल्हापुरात कातडी कमावायचे. मीपण कमावली आहेत, कॉलेजात जाईपर्यंत."

जातीचा कुणी उच्चारही केला नाही. कुणीतरी लगेच "काय स्नो पडतोय यार!" म्हणून विषय बदलला. पण काकूंची भरली वांगी, एरवी सगळ्यात आधी संपणारी, तशीच राहिली. निघताना काकूंनी भरल्या भांड्यावर फॉइल लावली. मी त्यांना कोट घालायला मदत केली. वांगी मीही घेतली नव्हती.

पुढच्या शनिवारी मी शेडमध्ये गेले. काका उरलेली कातडी साफ करत होते. "काका, सॉरी. मी उगाच सांगितलं."

"सांगितलंस त्याचं काही नाही गं. मीच लपवत आलो." त्यांचे हात थांबले. "एवढंच सांग, वांगी तू का नाही घेतलीस?"

उत्तर माझ्याजवळ होतं. ज्या हातचं दोन वर्षं मिटक्या मारत खाल्लं, ते नाकारायला मला चार लोकांची नजर पुरली होती. त्याची लाज मला आजही वाटते.

"घाबरले," मी म्हणाले.

"खरं बोललीस," काका म्हणाले. "आम्हीपण इतकी वर्षं घाबरूनच होतो." आणि त्यांनी पुन्हा सुरी उचलली.

उन्हाळ्यात त्यांनी दुसऱ्या राज्यात नोकरी घेतली. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा काकांनी डोक्यावर हात ठेवला, थीसिस कुठवर आला ते विचारलं. आतून फोडणीचा वास येत होता. काकू दारापर्यंत आल्या, गोड हसल्या, नीट अभ्यास कर म्हणाल्या. जेवून जा, एवढं मात्र म्हणाल्या नाहीत.