पान उलटून बघा

श्यामला मला पहिल्यांदा दिसली ती शिडीवर. २००६चा फेब्रुवारी होता. दक्षिण लंडनमध्ये चुकीच्या स्टॉपवर उतरलो आणि थंडीने गारठून समोरच्या दुकानात शिरलो. उंबऱ्याला ठेचकाळून "आई गं" म्हणालो, तशी वरून हाक आली, "काका, ही ट्यूब जरा धरता का?"

ते पूर्वी खाटकाचं दुकान होतं. छताला आकडे अजून होते. आता पाच चित्रकारांनी मिळून तिथे गॅलरी काढली होती, श्यामला त्यातली एक. मूळची नागपूरची. आठवडाभर ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची आणि शनिवार-रविवार गॅलरी उघडायची. प्रदर्शनं मात्र बाकीच्या चौघांची व्हायची. हिची पाळी आली की कोणाचं तरी अर्जंट निघायचं आणि ही म्हणायची, "नो प्रॉब्लेम, तू कर." अशी मुलगी प्रत्येक वर्गात असते. फळा तीच पुसते, बक्षीस समारंभाच्या खुर्च्याही तीच मांडते.

मी क्रॉयडनला मुलाकडे राहणारा निवृत्त मास्तर. मला शनिवारी जायला ठिकाण मिळालं, आणि मी काकाचा सर झालो.

ऑक्टोबरात अखेर तिने आपली पाळी धरून ठेवली. दोन वीकेंड. "लोकांना नाही आवडलं तर कळेल तरी, सर. मग नुसती चावी सांभाळेन. चित्रं बंद."

दुकानाच्या मधोमध वीस खणांचं एक जुनं लाकडी कपाट, एवढंच प्रदर्शन. पण पहिल्याच शनिवारी तिच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं काम निघालं आणि दोन्ही दिवस तिला तिकडे जावं लागलं. फोनवर म्हणाली, "तुम्ही बसाल ना? टेबलावर कागद ठेवलाय, त्यात सगळं आहे."

टेबलावर एकच कागद होता, तोही कोरा. पोर घाईत विसरली, असं म्हणून मी त्यावर रेघा मारून आलेल्यांची हजेरी घेतली.

पस्तीस वर्षं परीक्षेला सुपरव्हिजन केलेला माणूस मी. कोणी खणाकडे हात नेला की खाकरायचो. लगेच "सॉरी" म्हणून मंडळी मागे सरायची. इतकी शिस्तीची मुलं मला नोकरीत कधी मिळाली नाहीत. शिवाय बंद कपाटाचा अर्थही मी लावला होता: मागे राहिलेलं घर, मिटलेल्या आठवणी. तो प्रत्येकाला समजावला. एका बाईंनी डोळे पुसले.

पुढच्या शनिवारी श्यामला आली आणि एकेक खण उघडू लागली. आत पोस्टकार्डाएवढी पेन्सिलची चित्रं होती, सहा वर्षांच्या मीटिंगांमध्ये काढलेले माणसांचे हात.

"एकही कमी नाही," ती म्हणाली. "फुकट होती, सर. आवडेल ते घरी न्यायचं होतं. एकतीस माणसं आली आणि कोणालाच नको होतं." तिने खण लावून टाकला. "ठीक आहे. कळलं."

"अगं, मी कोणाला हात लावू दिला नाही."

"का? कागद वाचला नाहीत?"

"कोरा होता तो."

तिने हजेरीचा कागद उचलून उलटा केला. मागे ठळक छापलं होतं: खण उघडा, एक चित्र घेऊन जा.

ती शिडीच्या पायरीवर बसून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "सर, परीक्षेला पोरांना काय सांगायचात?"

"पान उलटून बघा," मी म्हणालो. "दर पेपरला."

ते दोन दिवस मी दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आत ओढलं. खण उघडणं सक्तीचं केलं. एक गृहस्थ नुसतेच टॉयलेट शोधत आले होते, तेही चित्र घेऊन गेले. रविवारी संध्याकाळी श्यामला कपाटासमोर बसून मोजत होती. सत्तेचाळीस गेली होती.

याला तीन वर्षं झाली. मला तिच्या प्रदर्शनात आता फक्त चहा करू देतात. श्यामला अजून ब्रॅकनेललाच नोकरी करते, आणि ऑक्टोबरातली आपली पाळी कोणाला देत नाही.