गुरुवारची साक्ष

संगमनेरहून एसटी पकडली तेव्हा बेत साधा होता. रविवार होता, दुपारपर्यंत निघोज्याला पोचायचे, धाकटी बहीण सुलभा आणि तिचे यजमान प्रकाशराव यांच्याबरोबर उपासनेला बसायचे, सोमवारी परत. कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये प्रकाशरावांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, तेव्हापासून त्यांनी प्रार्थना सोडली होती. "दादा, तू एकदा ये," एवढेच सुलभा फोनवर म्हणाली होती.

मंचरपर्यंत दोन्ही बाजूंना शेते होती. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत गाडी इतकी अडकली की दोन प्रवासी उतरून चहा पिऊन परत आले. पुढे सहा आसनी रिक्षात आम्ही दहा जण. कंपन्यांच्या निळ्या पत्र्यांमध्ये कांद्याचे एखादे वावर अजून हिरवे दिसे.

सुलभाच्या चाळीच्या दारात घरमालकीण आजी शेंगा निवडत होत्या. उपासना कुठल्या खोलीत असते, असे मी विचारले.

"आज कुठली? समदी ड्युटीला गेल्यात. सुट्टी गुरुवारी, म्हून गाणं-बिणं बी गुरुवारी. हितं देव बी शिफ्ट बघून येतो, पाव्हणं!"

मी वार न विचारताच रविवार धरला होता. बेत बारगळला, गुरुवारपर्यंत राहिलो.

रात्री शेजारच्या लातूरच्या वहिनींनी धपाटे (ज्वारीच्या पिठाची मसालेदार भाकरी) दिले. प्रकाशराव डाव्या हाताने सावकाश जेवत होते. जेवणानंतर मी बायबल काढले.

"दादा, वचनं नकोत. पाठ आहेत मला," प्रकाशराव म्हणाले.

"मग गुरुवारी नुसते येऊन बसा."

"तिथं साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केले ते उभे राहून सांगणे) असते. कोणाला नोकरी लागली, कोणाचा ताप उतरला. मी काय सांगू? खोटं बोलू?"

मी बायबल मिटले. सुलभा ताटे उचलता उचलता म्हणाली, "आहे ते सांगा. मी देवाला रोज सांगते, मला तुझा राग आलाय म्हणून."

"तू?"

"मग! हात काय तुमच्या एकट्याचाच गेला?"

गुरुवारी दहा बाय बाराच्या खोलीत सतरा माणसे बसली. प्रकाशराव दाराशी. एकाला कंपनीने कायम केले होते, त्याच्या साक्षीवर "प्रभूची स्तुती असो!" असा गजर झाला. तो ओसरला आणि प्रकाशराव उठले.

"माझ्याकडं चांगलं काही नाही. बोटं गेली. आता हेल्परचं काम करतो. देवाचा राग आलाय. पण तो सांगायला त्याच्याशिवाय कोणी नाही, म्हणून आलो."

कोणी आमेन म्हणेना. उपासना चालवणारे पाळकही चटईकडे पाहत राहिले. मग फोर्कलिफ्ट चालवणारे योहानकाका मोठ्याने म्हणाले, "आमेन, राव! माझी बायको गेली तेव्हापासून हेच म्हणायचं होतं मला. धीर झाला नाही."

मग एकेकाचे आमेन आले. सुलभा पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

निघताना प्रकाशराव पाळकांना म्हणाले, "पुढच्या गुरुवारी आमच्या खोलीत ठेवा. चहा मी करणार. सांडला तर बोलायचं नाही."

शुक्रवारी परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. आमच्या गावच्या चर्चमधल्या मंडळीत माणूस साक्षीला उभा राहतो तो संकट टळल्यावर. प्रकाशराव संकटात असतानाच उभे राहिले. त्यांचा हात अजून ठणकतो, काम हेल्परचेच आहे, आणि तरी त्यांनी देवाशी बोलणे पुन्हा सुरू केले आहे. येत्या रविवारी मी मंडळीत उभा राहून हे सांगणार आहे, आणि शेवट गोड करणार नाही.