भिंतीला कान लावणारे भाऊजी

आमच्या शेजारच्या भाऊजींचा धंदा नळदुरुस्तीचा. भिंतीत पाणी कुठे गळतंय हे ते नुसता कान लावून सांगायचे. डोळे मिटून ऐकायचे, बोट टेकवून सांगायचे, इथेच फोडा. तीस वर्षांत क्वचितच चुकले. मी जिथे तिथे सांगत सुटायचे, "भाऊजी भिंतीचं ऐकतात, वहिनींचं मात्र नाही!" माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला.

त्या सकाळी ते माझ्याच ओट्याखाली शिरून पाइप बदलत होते. मध्येच बाहेर येऊन भिंतीला टेकले.

"ताई, पोटात काहीतरी धडधडतंय. पाठीत कळ पण जातेय."

चहाला दोघी मैत्रिणी बसल्या होत्या. मग काय! "अगंबाई, भाऊजींना या वयात दुसरं हृदय फुटलं! वहिनींना सांगू की लपवू?" दोघी खिदळल्या. भाऊजीही ओशाळं हसले आणि परत ओट्याखाली गेले. तासाभराने आतून पाना पडल्याचा आवाज आला. बघते तर पांढरेफटक, घामाने निथळलेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय? वहिनी तोंड उघडायच्या आत मीच, "मूतखडा असेल हो. लोकांना पाणी देतात, स्वतः पीत नाहीत." डॉक्टरीणबाई दुखणं थांबवायचं इंजेक्शन सांगणार, एवढ्यात वहिनी माझ्याकडे वळल्या.

"सकाळपासून तुमच्याकडेच होते ना? काही बोलले का?"

मी पदराशी चाळा करत राहिले. खरं सांगावं तर लाज जात होती. न सांगावं तर माणूस.

"पोटात धडधडतंय म्हणाले होते. मी... मी थट्टा केली."

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला. धावपळ झाली, तपासण्या झाल्या. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली होती. मोठे डॉक्टर म्हणाले, पोट फाडणार नाही. जांघेतून एक मिटलेली जाळीची नळी आत सरकवायची, फुटल्या जागी उघडायची, रक्त तिच्यातून वाहील. "पण वेळ फार गेलाय."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग सहीचा कागद पुढे ओढला.

भाऊजी वाचले. जांघेत दोन छोट्या खुणा, बास. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना म्हणाले, "म्हणजे फुटक्या पाइपात आतून नवा पाइप! भिंत न फोडता. आमच्या धंद्यात आलात की!" सगळे हसले. मला पहिल्यांदाच हसू आलं नाही.

माझा नळ तसाच अर्धवट आहे. दुसऱ्या कुणाला बोलवायला मन होत नाही, भाऊजींना बोलवायला तोंड नाही. खाली बादली ठेवलीय. काल वहिनी दारात आल्या.

"हे विचारताहेत, ताईंचा नळ अजून गळतोय का? जड उचलायचं नाही, पण स्टुलावर बसून सांगेन म्हणतात."

"छे हो, थांबला केव्हाच."

मागे बादलीत थेंब पडला. टप्प. मग आणखी एक.

"ऐकू येतंय मला," वहिनी म्हणाल्या, आणि भाऊजींना हात धरून आणायला गेल्या. त्यांनी दोन शब्द सुनावले असते, तर मी सुटले असते.