मोकळं पान

या सदरात येणारे अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर गंमत म्हणून. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलंय मी. योगायोग किती स्वस्त असतो हे पोरांना नाणी उडवून दाखवायचे. कुणी अंगात आल्याचं, कुणी स्वप्नात दिसल्याचं सांगितलं की मी विचारायचे, "आणि जे स्वप्न खरं झालं नाही, ते मोजलंस का?" त्यामुळे हे लिहायला इतकी वर्षं लागली. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यातलं आता कुणीच राहिलं नाही, म्हणून लिहिते.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी मूळची कोडोलीची. घरी शेती. आमच्या भावकीतली कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत माझी शेवंताआत्या राहायची, तिच्याकडे राहून मी बी.एस्सी. करत होते. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन खोल्या, मागं गोठा, गोठ्यात दोन म्हशी. दुधावर तिचं चालायचं. शाळेची पायरी चढलेली नव्हती. सही म्हणजे अंगठा. घड्याळ कळायचं नाही, बसचा नंबर दुसऱ्याला विचारायची. जुन्या बायकांसारखी विसांनी मोजायची – पन्नास म्हणजे 'दोन इसा धा'.

संख्याशास्त्र मी घेतलं ते कुणीतरी 'बँकेत नोकरी लागते' म्हणालं म्हणून. आणि दुसऱ्या वर्षाला पार बुडाले. पुस्तकं इंग्रजी, शिकवणी लावायची सोय नाही, वर्गात मुली तीन. प्रॅक्टिकलला हँडल फिरवायची गणकयंत्रं होती, पण चारच – ती मुलांच्या हातून सुटायची नाहीत. मग घरी येऊन लॉग टेबल उघडायचं आणि सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध सगळं हातानं करायचं. एक आकडा चुकला की चार पानं वाया.

आणि वडिलांनी – आबांनी – आधीच बजावून ठेवलेलं. "एक वर्स जरी गेलं तरी पुस्तकं गुंडाळायची. जोतिबाच्या खेट्याला चालत जाताना भेटलेल्या पावण्यांनी मागणी घातल्याय. मी त्यास्नी थांबीवलंय नुसतं."

उत्तरं जुळेनात की मी आकडे मोठ्यानं वाचायचे. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला कळते, असा समज. एके दिवशी दुपारी अशीच उंबऱ्यात बसून वाचत होते. आत्या गोठ्याच्या दारात पेंड कालवत होती. वाचून झालं तशी म्हणाली,

"शेवटनं तिसरं म्हणालीस नव्हं, ते त्यातलं न्हाय."

"म्हंजी?"

"त्या पंगतीतलं न्हाय. चुकून यिऊन बसलंय."

मी हसले. तरी पुस्तकाशी ताडून पाहिलं. शेवटून तिसरा आकडा मी छत्तीस लिहिला होता. पुस्तकात त्रेसष्ट होता.

योगायोग. मीही तेच म्हटलं. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा झालं. मग पुन्हा. मी वाचायचे, ती म्हशीचं अंग घासता घासता ऐकायची, आणि मधेच "तिथं गडबड हाय" म्हणायची. गडबड असायचीच. तिला गणित येत होतं असं नाही बरं का! सरासरी काढून दे म्हटलं तर म्हणायची, "ते तुझं तू बघ. मला नुसती बसल्याली दिसत्यात."

"कोण दिसत्यात?"

"ती. वळीनं. तू नावं घेत्यास, ती यिऊन बसत्यात."

मी सोयीस्कर विचार केला – माझं जर्नल पुरं होतंय ना, झालं तर.

फेब्रुवारीत इनामदार सरांनी शेवटचा गृहपाठ दिला. सर कडक. कधी हसलेले आठवत नाहीत. त्यांनी सायक्लोस्टाइल केलेला कागद वाटला – भुईमुगाच्या एकेका वेलाला किती शेंगा लागल्या, त्याचे आकडे, एका ओळीत दहा. त्यावरून सगळं काढून सोमवारी जर्नल द्यायचं. हे जर्नल पास झालं नाही तर टर्म नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही.

शनिवारी मी आकडे वाचले. आत्या धार काढायला बसली होती. वाचून संपलं आणि तिचे हात थांबले.

"तिसऱ्या वळीत एक पान मोकळं हाय."

"आकडा चुकलाय?"

"चुकला न्हाय. पानावरनं उठीवलाय त्याला कुणीतरी."

मी कागद पाहिला. तिसऱ्या ओळीत नऊच आकडे होते. बाकी ओळींत दहा. एकूण वेल किती हे कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पण आत्यानं तर कागद बघितलाच नव्हता... आणि मी वाचताना ओळी मोडून वाचल्या नव्हत्या.

मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "मग कोण हाय तिथला?"

तिनं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं. "दोन इसा सात."

सत्तेचाळीस.

मी काय केलं असेल? तोवर ती एकदाही चुकली नव्हती. मी सत्तेचाळीस धरून सगळं गणित केलं आणि सोमवारी जर्नल दिलं.

बुधवारी शिपाई बोलवायला आला. स्टाफरूममध्ये सर एकटेच होते. माझं जर्नल उघडं, शेजारी एक छोटी काळी डायरी.

"सगळ्या वर्गाचं उत्तर एक आलंय आणि तुझं वेगळं," सर म्हणाले. "तुझं बरोबर आहे. माझ्या डायरीतल्या उत्तराशी जुळतं. स्टेन्सिल कापताना क्लार्ककडून एक आकडा राहिला, हे मला काल कळलं. तो तुझ्याकडे कुठून आला?"

मी त्या काळ्या डायरीकडं बघितलं.

"हे आकडे मी हातकणंगल्याला भावाच्या शेतात बसून स्वतः मोजलेत. डायरी घरी कुलपात असते. क्लार्कला मी एक सुटा कागद दिला होता, तो त्यानं परत दिलाय. कुणी दाखवला तुला?"

"कुणी न्हाई, सर. खरं सांगतो, आत्यानं सांगितलं." (आम्ही कोल्हापूरच्या मुली तेव्हा 'येतो, जातो, सांगतो' असंच बोलायचो.)

"कुठं असतात त्या? काय शिकल्यात?"

"म्हशी हाईत तिच्या. अंगठा लावते."

सरांनी जर्नल मिटलं. "चोरीपेक्षा ही थाप वाईट आहे. मला प्राचार्यांकडे जावं लागेल."

मी रडत होते, पण सांगणं बदललं नाही. बदलून सांगणार काय? शेवटी सरांनी पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता सर सायकलवरून दारात. आत्याला मी सगळं सांगितलं होतं. ती घाबरली वगैरे काही नव्हती. हात पुसत बाहेर आली.

"या की पावणं. बसा. च्या घ्या आधी."

"चहा नको, मावशी. मी काही आकडे वाचतो. तुम्ही फक्त ऐका."

"च्या घेतल्याबिगार काय ऐकत न्हाय मी."

सरांनी चहा घेतला. मग डायरीचं एक पान काढून वाचलं. आत्या खाली बघत ऐकत होती.

"सगळी बसल्यात. कोण मोकळं न्हाय."

सरांनी डायरी मिटली. त्या पानात त्यांनी काहीच वगळलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पण ते माझ्याकडं वळून म्हणाले, "डायरी कुणी पाहिलेली असू शकते. आता मनातले सांगतो. हे कुठंच लिहिलेले नाहीत." आणि भिंतीकडं बघत सावकाश म्हणाले, "पासष्ट... साठ... अडतीस... चौदा... अकरा... सात."

आत्यानं मान वर केली.

"दोन पानं मोकळी हाईत."

सर ताडकन म्हणाले, "चूक. एकच वगळलाय मी."

"एक तुमी उठीवलाय व्हय. एक इसा तेरा."

सरांचा हात डायरीवर होता तो तसाच राहिला. तेहतीस. बरोबर असणार, हे मी ओळखलं.

"दुसरं चार हाय," आत्या म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता, वासराशी बोलताना व्हायचा तसा. "बाकीची सगळी म्होरं सरकत्यात. ते चारवरच बसलंय. सरकत न्हाय... कवाचं बसलंय की वो ते, मास्तर."

सर उठले. बाहेर गेले. सायकलचं स्टँड काढताना त्यांचा हात घसरला, म्हणून मी धावत जाऊन सायकल धरली.

"ती आमच्या घरातल्यांची वयं होती," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "बायकोचं वगळलं होतं. तेहतीस."

"आणि चार, सर?"

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

"एक मुलगी होती आम्हाला. थोरल्याच्या पाठची. चार वर्षांची असताना गेली. नऊ वर्षं झाली. आम्ही मिरजेला होतो तेव्हा. इथं कुणाला माहीत नाही. घरातसुद्धा... आम्ही नाव घेत नाही."

ते सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत गेले.

मी आत आले तर आत्या गोठ्यात म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "आता माझ्याम्होरं वाचू नगंस बाई. मला सोसंना." त्या घरात असेपर्यंत मी पुन्हा एकही आकडा तिच्यासमोर वाचला नाही.

शुक्रवारी सरांनी वर्गात सांगितलं, "शीटवर एक आकडा राहिला होता, माझी चूक. सगळ्यांनी सत्तेचाळीस घालून पुन्हा करा." माझ्या जर्नलवर सही होती. आणि त्या शनिवारपासून वर्ग सुटल्यावर आम्हा तिघी मुलींना ते तासभर थांबवून शिकवायला लागले. मी कुठं अडते ते विचारायचे, पहिल्यापासून समजावायचे. संख्याशास्त्र मला खऱ्या अर्थानं आलं ते त्या दोन महिन्यांत. वर्ष निघालं. आबांनी पावण्यांना नकार कळवला.

पण सांगायचं ते वेगळंच. परीक्षेच्या थोडं आधी सर एका दुपारी पुन्हा घरी आले, बरोबर त्यांच्या पत्नी. बारीक अंगाच्या, निळं नऊवारी लुगडं नेसलेल्या. सर ओट्यावर बसले, बाई थेट आत आत्याजवळ आल्या. इकडचं तिकडचं काही नाही. म्हणाल्या,

"यांनी मला सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलले. मला एकच विचारायचंय. ती अजून... आमच्यात आहे?"

आत्या ताक ढवळत होती. तिनं रवी थांबवून बाईंकडं बघितलं. मग म्हणाली, "पान मोकळं हाय म्हंजी पान मांडल्यालं हाय की, बाई. न्हाईतर मला दिसलं कसं असतं?"

बाई रडल्या नाहीत. आत्यानं दिलेलं ताक त्यांनी एका दमात प्यायलं, आणि भांडं पुढं करून म्हणाल्या, "आणखी थोडं द्या." ओट्यावर सर तोंड फिरवून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

पुढं मी शिकले, नोकरी लागली. बऱ्याच वर्षांनी, आत्या थकून कोडोलीला आमच्या घरी राहायला आली तेव्हा एकदा धीर करून मी तिला विचारलं, "आत्या, तुला ते कसं कळायचं गं?"

"काय?"

"आकडं. पंगत."

ती हसली. "मला काय कळतंय त्यातलं? मी आडानी बाई." ती टाळत होती, की खरंच विसरली होती, कोण जाणे. मग मी मुद्दामच दहा आकडे म्हटले, एक गाळून. तिनं कान दिला आणि म्हणाली, "छान म्हणत्यास," आणि झोपून गेली.

तिनं बरोबर सांगितलेल्या चुका, मला आठवतात तेवढ्या, मी कागदावर मांडल्यात. लिहायच्या चुका तिला माझ्या आवाजातल्या अडखळण्यावरून कळत असतील, असं एक वेळ धरता येईल. तिसरी ओळसुद्धा मी नकळत थांबून वाचली असेन. पण सत्तेचाळीस? तेहतीस? आणि चार... तो तर सरांच्याही मनात त्या वेळी नव्हता, असं पुढं एकदा ते स्वतः म्हणाले. याची शक्यता काढायला मी किती वेळा कागद घेऊन बसलेय. छेदात काय लिहायचं तेच कळत नाही. कागद तसाच राहतो.