रिक्रूटरचा फोन

आमच्या घरात रिक्रूटरचा फोन आला की मी मिक्सर बंद करायची. नवरा जेवत असला तरी उष्ट्या हातानं गराजमध्ये जाऊन बोलायचा. नोकरी गेलेली, व्हिसा नोकरीला बांधलेला, साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा, अशी परिस्थिती आमच्यावर दोनदा आली. अशा वेळी कुणीतरी अनोळखी माणूस फोन करून विचारतो, तुम्ही अव्हेलेबल आहात का? त्या माणसाची आरती ओवाळायचं तेवढं मी बाकी ठेवलं होतं. काम जमलं की शिरा. मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची होती. रिक्रूटर म्हणजे शिरा पाठवणारा काका, असं ती शेजारच्या मुलांना सांगायची.

हे आधी सांगितलं नाही तर पुढचं कुणाला पटणार नाही.

ती अकरावीत गेली त्या वर्षी शाळेकडून कागदांचा गठ्ठा आला. त्यातल्या एका कागदावर लिहिलं होतं, की मुलीचं नाव आणि फोन नंबर सैन्याच्या रिक्रूटर्सना दिला जाईल, नको असेल तर खाली सही करा. 'सैन्य' हा शब्द मी वाचलाच नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल. वाचला, पण पुढचा शब्द ओळखीचा निघाला आणि तिथेच मन मोकळं झालं. रिक्रूटरला नको कोण म्हणेल? सहीची जागा कोरी ठेवून कागद तिच्या दप्तरात सरकवला. बाकीच्या सगळ्या कागदांवर मात्र ठसठशीत सह्या केल्या.

त्याच सुमाराला ती कॉम्प्युटरवर एक लढाईचा खेळ खेळायला लागली होती. या देशात फुकट काही मिळत नाही, असं उठता-बसता ऐकवणारा माझा नवरा, तो खेळ फुकट आहे म्हटल्यावर खूश झाला. तो सैन्यानंच वाटलेला होता. सुरुवातीलाच पडद्यावर तसं लिहून यायचं, पण तिच्या खोलीत जाऊन पडदा बघायचं आम्हाला कधी सुचलं नाही. दाराबाहेरून तिचं हसू ऐकू यायचं आणि तेवढं पुरायचं. शाळेत ती फारशी कुणात मिसळत नसे.

पहिला फोन घरच्या नंबरावर आला, दुपारी, मी कोथिंबीर निवडत होते तेव्हा. आवाज तरुण आणि शांत होता, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅम'. मुलीचं नाव कसं उच्चारायचं, हे त्यानं विचारून घेतलं. शाळेतल्या शिक्षकांनी अकरा वर्षं त्या नावाचे हाल केले होते. यानं दोन फोनांत ते घोटून पाठ केलं. मग दर मंगळवारी फोन. मुलगी व्हायोलिनच्या क्लासला गेलेली असायची, म्हणून माझ्याशीच बोलायचा. माझा गुडघा दुखतो हे त्याला एकदा सांगितलं, तर पुढच्या मंगळवारी त्यानं आधी गुडघ्याची चौकशी केली. माझ्या सख्ख्या भावानं अजून केलेली नाही. मी पाघळले. घरचा फोन ती उचलत नाही, असं मीच म्हणाले, आणि तिचा मोबाइल नंबर मीच दिला. ती घरी कधी असते तेही सांगितलं.

हा माणूस कसल्या नोकरीसाठी फोन करतोय, हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. मुलगी व्हायोलिन वाजवते, डास मारतानाही डोळे मिटते, ती कशाला जाईल, अशा भ्रमात मी होते. शेवटी नवऱ्याच्या कानावर घातलं तेव्हा तो भडकला. मग मी त्या रिक्रूटरला फोन करू नका म्हणून सांगितलं. तो 'येस, मॅम' म्हणाला. घरचा फोन थांबला. मला वाटलं, संपलं.

बारावीच्या शेवटी, अठरा पूर्ण झाल्यावर आठ दिवसांनी, तिनं जेवताना सांगितलं की तिनं सही केली आहे. ती इथेच जन्मलेली, म्हणून इथली नागरिक; तिच्या सहीला आमची परवानगी लागत नव्हती. ज्या देशानं आम्हाला अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं ठेवलंय, त्याच्यासाठी ती शपथ घेणार होती. नवरा ताटावरून उठला. मी रडायला लागले.

ती शांतपणे म्हणाली, "बाबांना रिक्रूटरचा कॉल आला की तू शिरा करायचीस. मला आला तर रडतेस?"

मी म्हटलं, तो वेगळा आणि हा वेगळा.

"सेम आहे, आई. दे वॉन्टेड हिम. दे वॉन्ट मी."

आम्हाला ती हवी नव्हती का? हे मी विचारायला हवं होतं. त्याऐवजी तिचं पान वाढत राहिले.

निघायच्या दिवशी तिला न्यायला तो मंगळवारचा रिक्रूटर स्वतः गाडी घेऊन आला. दारात पहिल्यांदाच बघितला. तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, इस्त्रीचा गणवेश, कानामागे एक पुटकुळी. त्याला चार शब्द सुनावायचे म्हणून मी रात्रभर जुळवून ठेवले होते. त्यानं विचारलं, "मॅम, गुडघा कसा आहे?" आणि मी म्हणाले, बरा आहे. ओट्यावर रवा काढून ठेवला होता, तो तसाच डब्यात परत ओतला. शिरा केला असता तर ती दहा मिनिटं जास्त थांबली असती, हे मला गाडी वळल्यावर सुचलं.

आता मंगळवारी दुपारी घरात काही वाजत नाही. सांगायला लाज वाटते, पण कधी कधी वाटतं, त्यानं तरी फोन करावा. तिचं नाव नीट उच्चारणारं, तिच्याबद्दल माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. पण त्याचं काम झालं होतं.

ट्रेनिंगमधून फोन करायची परवानगी तिला क्वचित मिळते, आणि तीही मोजक्या मिनिटांची. परवाच्या रविवारी आला. मागे कुणीतरी ओरडत होतं. मी घाईघाईनं एवढंच म्हणाले, की आलीस की शिरा करते, केळं घालून, पोटभर खा.

"येस, मॅम," ती म्हणाली.

चूक तिच्याही लक्षात आली असावी, कारण ती एकदम थांबली. पण तेवढ्यात वेळ संपली आणि फोन बंद झाला. तेव्हापासून मी मोबाइल ओट्यावरच ठेवते. ती 'आई' म्हणेल, एवढ्यासाठी.